रबराचा पापुद्रा आणि रंगाचा हात: गोव्याच्या दमट हवेत गाडीचं रूप घरीच बदलताना

चतुर्थीला आठ दिवस उरले होते, सकाळपासून पाऊस उघडला होता आणि मला घाई झाली होती. फोंड्याच्या घरी पडवीसमोर गाडी लावली, पुढच्या जाळीभोवती वर्तमानपत्र चिकटवलं आणि वाळल्यावर सोलून काढता येणाऱ्या काळ्या रबरी स्प्रेचा पहिला हात मारला. छान बसला. दुसरा हात मारून चहाला आत गेलो. बाहेर येऊन बघतो तर काळी जाळी राखाडी पडलेली, वर तांदळाचं पीठ भुरभुरल्यासारखी. शेजारचे काका गडग्यावरून, म्हणजे कुंपणाच्या भिंतीवरून, डोकावले. "गाडयेक कितें जालें रे?" मी काय सांगणार, कप्पाळ!

काय झालं ते नंतर समजलं. स्प्रेमधलं द्रावक झपाट्यानं उडतं आणि उडताना खालचा पृष्ठभाग गार करतं. ऑगस्टच्या हवेत पृष्ठभाग जरासा गार व्हायचा अवकाश, त्यावर बाष्प बसतं आणि ओल्या थरात अडकून तो पांढुरका दिसतो. फ्रिजमधलं गार पाणी भरलेल्या तांब्याला बाहेरून घाम फुटतो, तोच प्रकार. डबा चांगला होता, दिवस चुकला होता. दुसऱ्या दिवशी सगळा थर नखांनी खरवडून काढला. नाताळ झाल्यावर तेच काम पुन्हा केलं आणि ती जाळी पुढचे २ पावसाळे काळीभोर राहिली.

त्या दिवसापासून मी हे काम पंचांग बघितल्यासारखं हवा बघून करतो. खाली जे लिहितोय त्यात निम्मं तंत्र आहे आणि निम्मी गोव्याची हवा.

रबर कुठे, रंग कुठे

प्लास्टी डिप या नावानं ओळखला जाणारा हा प्रकार मुळात गाड्यांसाठी निघालाच नव्हता. पकडी, पाने यांच्या मुठी त्यात बुडवून रबरी करायच्या, म्हणून 'डिप'. गाड्यांवर तो नंतर आला. हवेत वाळणारं हे कृत्रिम रबर खालच्या रंगात मुरत नाही, नुसतं घट्ट बिलगून बसतं. थर पुरेसा जाड असेल तर पुढे कधीही एका कोपऱ्यातून उचलून अख्खा पापुद्रा ओढता येतो आणि खालचा कंपनीचा रंग जसाच्या तसा निघतो. थर पातळ असेल तर मात्र तो सोलत नाही, चुरा होऊन खरवडावा लागतो. डबा वाचवायला दोन हातांवर भागवणारे पुढे आठवडाभर नखं झिजवत बसतात. चार हातांच्या खाली मी कधी थांबत नाही, चाकांवर पाच.

लोगो, पुढची जाळी, अलॉय व्हील, प्लास्टिकची व्हीलकॅप, आरशांच्या टोप्या, फार तर छप्पर, ही रबराची खरी जागा. हे रबर साधारण ९३ अंश सेल्सियसपर्यंत टिकतं. भर मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीचं काळं छप्परसुद्धा तिथवर जात नाही, त्यामुळे उन्हाची भीती नको. ब्रेकच्या कॅलिपरवर, म्हणजे तबकडीला चिमट्यासारखा धरणाऱ्या भागावर, मात्र हे मारू नका. चोर्ला किंवा अनमोड घाट उतरताना ब्रेक किती तापतात ते चाकापाशी हात नेला तरी कळतं. तिथे उष्णता सोसणारा खास रंगच हवा. सायलेन्सर आणि इंजिनचंही तेच.

पेट्रोलच्या झाकणाभोवतीही रबर नको. पेट्रोल या रबराला विरघळवतं. पंपावर नळीतून दोन थेंब ओघळले की तिथे चिकट रेघा उठतात. दरवाजाच्या मुठीवर रोज नखं लागतात, महिन्याभरात कडा उचलल्या जातात. बंपरच्या खालच्या कडेवर आमच्या रस्त्यांचे लाल खडे आपटतात. अशा ठिकाणी रीतसर रंग द्यावा किंवा हात लावू नये.

अख्खी गाडी रबरानं मढवावी का? माझं मत, घरच्या अंगणात नको. मध्यम गाडीला साधारण ४ गॅलन, म्हणजे १५ लिटरच्या आसपास माल लागतो, स्प्रेगन लागते आणि धूळ नसलेली बंदिस्त, हवेशीर जागा लागते. डब्यांनी केलं तर पट्टे दिसतात. शिवाय कायद्याचा भाग येतो, तो पुढे सांगतो.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो, कारण दरवर्षी दिवाळीनंतर कुणीतरी ती करतोच. वाड्यावरच्या पोरांकडे नरकासुराचे पुतळे रंगवून स्प्रेचे अर्धे डबे उरतात. 'काळा तो काळा' म्हणून कुणीतरी त्यातूनच गाडीचा लोगो रंगवतो. तो साधा रंग असतो, तो सोलून निघत नाही. काढायला थिनर लावला की खालच्या क्रोमचं आणि आजूबाजूच्या रंगाचंही वाटोळं. डब्यावर 'सोलता येणारं रबरी आवरण' अशा अर्थाचं काही लिहिलेलं नसेल तर तो डबा नरकासुरालाच शोभतो.

कायदा, थोडक्यात

गाडीचा रंग आरसीवर नोंदलेला असतो आणि मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदीशी न जुळणारा बदल परवानगीशिवाय करता येत नाही. लोगो, जाळी, चाकं यांना कुणी अडवत नाही. गाडीचा मूळ रंगच बदलला तर मात्र वाहतूक खात्याकडे अर्ज करून आरसीवर नोंद करून घ्यावी आणि विमा कंपनीलाही कळवावं. रबर सोलता येतं, म्हणजे तो 'तात्पुरता' रंग, असला युक्तिवाद नाक्यावरच्या पोलिसासमोर टिकेल या भरवशावर राहू नका. ऑलिव्ह ग्रीन, म्हणजे लष्करी हिरवा, खासगी गाडीला चालत नाही. तो संरक्षण खात्याच्या वाहनांसाठी राखीव आहे. नंबरप्लेट, हेडलाइट, मागचे दिवे यांवर कसलाही थर नको. मागचे दिवे धुरकट काळे करण्याची हौस पावसात मागून येणाऱ्या टिपरवाल्याला दिसत नाही.

दिवस निवडणं

गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. ते चार महिने या कामाला विसरा. ऑक्टोबरात ऊन कडक असतं, पण जमिनीतून वाफ येत असते. तुळशीचं लग्न लागलं की हवा कोरडी व्हायला लागते, आणि डिसेंबर ते फेब्रुवारी हा खरा हंगाम. एप्रिल-मेमध्ये घामाच्या धारा लागतात तेव्हा हवेतही तितकंच पाणी असतं हे लक्षात ठेवा.

हंगामातही वेळ महत्त्वाची. जानेवारीत सकाळी बॉनेटवर दव असतं, नऊपर्यंत ते सुकत नाही. दुपारनंतर समुद्राकडून वारा सुटतो, पणजी-वास्को-काणकोणच्या पट्ट्यात तर तो ओला आणि खारट असतो. म्हणून साडेदहा ते एक ही माझी वेळ. घड्याळाएवढा एक आर्द्रतामापक मिळतो, तो घ्या आणि गाडीपाशीच ठेवा. मोबाइलवरचा आकडा अख्ख्या परिसराचा असतो, तुमच्या अंगणातला नव्हे. मापक ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर मी डबा हलवायला घेतो. ७५ च्या वर असेल तर डबा कपाटात परत. मधल्या आकड्यांत पातळ हात आणि दोन हातांमध्ये जास्त वेळ. तापमान २० ते ३० अंशांमध्ये बरं. पत्र्यावर तळहात निवांत टेकवता आला पाहिजे. उन्हात तापलेल्या पत्र्यावर मारलं तर थेंब पोचतानाच सुकतात आणि पृष्ठभाग पॉलिश पेपरसारखा खरखरीत होतो. म्हणून सावली हवी, पण झाडाची नको. माडाखाली काय काय पडतं ते सांगायला नको. फणसाखाली तर हुमले, म्हणजे लाल मुंग्या, ओल्या रबरावर चालत येतात आणि तिथेच थांबतात, कायमच्या. माटवाखाली, म्हणजे मांडवाखाली, किंवा घराच्या सावलीच्या बाजूला गाडी लावा.

आमची लाल माती हा वेगळाच त्रास. साखळी, डिचोली, उसगावकडच्या खनिज वाहतुकीच्या रस्त्याला लागून घर असेल तर रविवार गाठा, ट्रक कमी असतात. अंगणात पाणी शिंपडलं की धूळ बसते, पण लगेच आर्द्रता चढते. म्हणून सडा आदल्या संध्याकाळी घालायचा, सकाळी नाही. सकाळी फक्त गाडीखाली जुनी ताडपत्री अंथरा.

आणखी एक. डब्यातला वायू आणि द्रावक दोन्ही पेट घेणारे असतात. बंद गॅरेजमध्ये, इन्व्हर्टरजवळ, तुळशीपुढे निरांजन तेवत असताना हे काम नको. साधा कापडी मास्क फक्त धूळ अडवतो, वाफ नाही. रंगकामाचा कोळशाच्या गाळण्या असलेला मास्क घ्या आणि उघड्यावरसुद्धा तो लावा. सुरुवातीला मी नाकाला रुमाल बांधून केलं होतं. संध्याकाळपर्यंत डोकं भणभणत होतं.

धुणं, पुसणं आणि एक परीक्षा

आदल्या दिवशी गाडी शाम्पूनं धुवा. कपडे धुण्याची पावडर नको. जाळीच्या खाचा, लोगोच्या कडा, चाकांच्या आऱ्यांमागचा भाग जुन्या टूथब्रशनं घासा. ब्रेकची काळी धूळ आणि लाल माती मिळून चाकाच्या आत जे सिमेंट तयार होतं, ते एकदा घासून जात नाही, दोनदा करा. वाळल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मं-निम्मं करून स्वच्छ सुती फडक्यानं पुसा. यात कंजूसपणा नको. डॅशबोर्ड आणि टायरच्या चकाकीसाठी जे सिलिकॉनचं पॉलिश मारतात, त्याचा अदृश्य थर आजूबाजूला बसलेला असतो. त्यावर स्प्रे पडला की रंग बाजूला सरकून बारीक गोल खड्डे पडतात, आणि ते वरून कितीही हात मारले तरी बुजत नाहीत.

आता परीक्षा. गाडी जुनी असेल किंवा सेकंडहँड घेतली असेल तर त्या भागाला कधीतरी बाहेर रंग मारलाय का ते बघा. चांगली चिकटपट्टी कडेला दाबून बसवा आणि झटक्यात ओढा. पट्टीवर रंगाचा कपचा आला तर तिथे रबर नको. वर्षभरानं रबर सोलाल तेव्हा खालचा कच्चा रंगही बरोबर येईल. नव्यानं रंगवलेला भाग असेल तर निदान दोन महिने थांबा. गंजाचे फोड असतील तर आधी त्याचा निकाल लावा. किनाऱ्याजवळच्या गाड्यांना दाराच्या तळाशी, चाकाच्या कमानीशी असे फोड हमखास असतात. रबर त्यांना झाकतं, ओल आत कोंडतं, आणि सोलाल तेव्हा पत्र्याला भोक.

लोगोपासून सुरुवात करा

पहिल्यांदा करणाऱ्यानं लोगो घ्यावा. जागा तळहाताएवढी, चुकलं तर पाच मिनिटांत सोलून पुन्हा करता येतं, आणि पापुद्रा कसा वागतो ते बोटांना समजतं.

लोगोच्या अक्षराअक्षराला कापून टेप लावत बसू नका. लोगोभोवती बोटभर जागा मोकळी सोडून चौकट टेपनं आखा आणि टेपच्या बाहेर दोन फुटांपर्यंत वर्तमानपत्र लावा. स्प्रेचा धुरळा वाटतो त्यापेक्षा लांब जातो. डबा पूर्ण एक मिनिट हलवा, आतली गोळी खळखळली पाहिजे. पहिला फवारा पुठ्ठ्यावर मारून बघा.

अंतर एक वीत, म्हणजे १५ ते २० सेंटिमीटर. हात थांबवायचा नाही. फवारा लोगोच्या बाहेर सुरू करायचा, लोगोवरून न्यायचा आणि पलीकडे जाऊन सोडायचा. पहिला हात नुसता शिंतोड्यांसारखा पडला पाहिजे, खालचं क्रोम अर्धं दिसत राहिलं पाहिजे. इथेच सगळे घाई करतात आणि ओघळ येतात. पहिला खरखरीत हात पुढच्या हातांना पकड देतो. १५ ते २० मिनिटांनी दुसरा, थोडा ओलसर. तिसरा आणि चौथा भरदार: मारताना पृष्ठभाग ओला चमकला पाहिजे, पण ओघळण्याच्या अलीकडे थांबलं पाहिजे. प्रत्येक हातानंतर नॉझल फडक्यानं पुसा. तोंडाशी साचलेला गोळा पुढच्या फवाऱ्यात थुंकला जातो आणि नेमका मधोमध बसतो. तसं झालंच तर बोटानं पुसायला जाऊ नका. ओला असताना चिमट्यानं वरचेवर उचला आणि पुढच्या हातात तो झाकला जातो.

शेवटचा हात ओला असतानाच टेप ओढून काढायची. वाळल्यावर काढली तर पापुद्रा टेपबरोबर फाटत जातो आणि कड उंदरानं कुरतडल्यासारखी होते. टेप स्वतःकडे दुमडून, सावकाश. मग निदान चार तास हात लावू नका. मी रात्र जाऊ देतो.

सकाळी लोगोभोवती रबराचा चौकोन दिसेल. चौकोनाचा बाहेरचा कोपरा नखानं उचला आणि लोगोच्या दिशेनं हळू ओढत न्या. लोगोच्या उभ्या कडेपाशी आलं की रबर ताणलं जातं आणि कडेवरच स्वतःहून तुटतं. लोगोवरचं तिथेच राहतं, आजूबाजूचं निघतं. 'व'च्या पोटातल्यासारख्या बंद जागेतलं रबर दात कोरायच्या काडीनं मध्यात टोचून गुंडाळत बाहेर काढा. सुई किंवा ब्लेड नको, खाली पत्रा आहे. कुठे लोगोवरचंही उचलायला लागलं तर थांबा, बोट ओलं करून ती कड दाबून बसवा आणि दुसऱ्या बाजूनं या. हे सगळं करायला मला अर्धा तास लागला होता आणि त्या अर्ध्या तासात घरातलं प्रत्येक माणूस बाहेर येऊन "मी एक तुकडा ओढू?" म्हणून गेलं होतं.

चाकं

चाकांना एका चाकामागे एक ३११ ग्रॅमचा डबा धरा. तीन डब्यांत चार चाकं होतात असं सांगणारे भेटतील. होतात, पण मग ती सोलत नाहीत.

चाक काढून केलेलं उत्तम. न काढता करायचं तर टायर आणि रिमच्या फटीत जाडसर कार्डं खोचत गोल फिरायचं. पत्त्यांचा जुना जोड चालतो. आमच्याकडे मोसम संपल्यावर लग्नपत्रिकांचा ढीग असतो, एका चाकाला पंचवीस-तीस पुरतात. जाड, गुळगुळीत, फेकायला हळहळ नाही. आऱ्यांमधून मागची ब्रेकची तबकडी दिसते, तिथे प्लास्टिक पिशवी कोंबून ती झाका. तबकडीवर रबर नको.

आऱ्यांच्या आतल्या बाजू आधी मारा, समोरचा भाग शेवटी. उलट केलं तर समोर थर जाड होतो आणि आत क्रोम चमकत राहतं. पाच हात, दोन हातांमध्ये २० मिनिटं. नटांची भोकं ही कमकुवत जागा. पंक्चरवाला पाना लावून फिरवतो तेव्हा तिथलं रबर फाटणारच. ते टाळता येत नाही. डब्यात थोडा माल शिल्लक ठेवा आणि नंतर तेवढाच भाग पुन्हा मारा, सांधा दिसत नाही. टायर बदलायच्या वेळी यंत्राचे जबडे रिम कुठून पकडतात ते आधी विचारा. आतून पकडता येत असेल तर तसं करायला सांगा.

२४ तास गाडी हलवू नका, पाणी लावू नका.

रंगवायचे भाग: आरशाच्या टोप्या

आता खऱ्या रंगाकडे. आरशांच्या टोप्या, फॉगलॅम्पभोवतीच्या चौकटी असे सुटे प्लास्टिकचे भाग घरी रंगवता येतात, कारण ते काढून टेबलावर ठेवता येतात. बहुतेक छोट्या गाड्यांत टोपी खटक्यांवर असते. दुपारी प्लास्टिक जरा मऊ असताना काढा, सकाळी गारठ्यात खटके तुटतात.

भाग उलटा करून आतलं चिन्ह वाचा. तिथे प्लास्टिकचा प्रकार कोरलेला असतो: एबीएस की पीपी. एबीएसवर प्लास्टिकचा प्रायमर बसतो. पीपी, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, तेलकट स्वभावाचं. त्याला आधी पकड देणारं ॲढिजन प्रमोटर नावाचं पारदर्शक द्रव्य लागतं, नाहीतर रंग पहिल्याच पावसात साल सुटल्यासारखा निघतो. रंगवून आलेल्या टोपीला ४०० नंबरचा वॉटर पेपर, मग ६००, पाणी लावून, चकाकी पूर्ण जाईपर्यंत. वाळवा, अल्कोहोलनं पुसा, आणि यानंतर उघड्या बोटांनी धरू नका. प्रायमरचे दोन हात, वाळल्यावर ८०० नं हलकी घासणी. मग रंगाचे तीन पातळ हात, दहा-दहा मिनिटांच्या अंतरानं. धातूच्या चमकीचा रंग असेल तर अंतर आणि वेग सगळीकडे एकच ठेवा, नाहीतर ढग दिसतात.

रंग गाडीशी जुळवायचा असेल तर गाडीच्या पट्टीवरचा कलर कोड घेऊन ऑटो पेंटच्या दुकानात जा, ते रंग कालवून डब्यात भरून देतात. पण आठ-दहा वर्षं गोव्याच्या उन्हात उभ्या गाडीचा रंग कोडमधल्या रंगासारखा राहिलेला नसतो. जुळवायला गेलात तर फरक जास्त डोळ्यांत येतो. म्हणून मी सरळ वेगळा रंग घेतो, चकचकीत काळा. तो कुठल्याही गाडीवर मुद्दाम केल्यासारखाच दिसतो.

वरचा पारदर्शक लॅकर दोन तऱ्हेचा. साधा एकेरी डबा घरी मारता येतो, पण पेट्रोल आणि थिनरपुढे तो नमतो. हार्डनर असलेला टूके लॅकर काचेसारखा कडक होतो, पण त्यातली आयसोसायनेट नावाची द्रव्यं श्वासातून गेली तर दम्यासारखा त्रास जडू शकतो. माझा सल्ला असा की रंगापर्यंत घरी करा आणि टूके लॅकरसाठी भाग ओळखीच्या पेंटरकडे द्या, त्याच्याकडे बूथ आणि हवेची सोय असते. तो म्हणेल, "एवढं केलंस तर सगळंच आणून द्यायचं होतंस." ऐकून घ्यायचं. भाग दोन-तीन दिवसांनी बसवा आणि महिनाभर पॉलिश लावू नका.

कॅलिपर आणि मागचे ड्रम

ही जागा दिसायला छोटी आणि चुकायला महाग. जॅकवर उभ्या गाडीखाली किंवा चाक काढलेल्या बाजूला काम करायचं नाही. जॅक फक्त उचलायला, टेकवायला लोखंडी स्टँड. आमच्याकडे अंगणात चिरे, म्हणजे जांभ्या दगडाचे ठोकळे, पडलेले असतात म्हणून कुणी चिराच टेकू लावतं. चिरा सच्छिद्र असतो, भार आला की न सांगता फुटतो. माती मऊ असेल तर स्टँडखाली जाड फळी घाला. मागचा ब्रेकचा ड्रम करताना हँडब्रेक सोडावा लागला तर गाडी गिअरमध्ये आणि पुढच्या चाकांना दोन्हीकडून अडणी.

कॅलिपर जागेवरच राहू द्या. तारेच्या ब्रशनं गंज आणि मळ काढा, ब्रेक क्लीनरनं धुवा. ब्रेकची धूळ हवेच्या नळीनं उडवू नका, ती छातीत जाते. तबकडी, पॅड, पिस्टनवरचं रबर, ब्रेकची नळी, हवा काढायचा निप्पल आणि सरकणाऱ्या पिना टेपनं झाका. मी स्प्रे वापरत नाही, उष्णतेचा ब्रशनं लावायचा रंग घेतो. झाकाझाकी निम्मी होते. दोन पातळ हात, डब्यावर लिहिलेल्या अंतरानं.

मागच्या ड्रमवरचा तांबूस गंज पावसाळ्यात अलॉयच्या आतून फार डोळ्यांत येतो. त्याला उष्णतेचा काळा रंग दिला की गाडी एकदम सावरल्यासारखी वाटते, सगळ्यात स्वस्तात. फक्त चाक जिथे ड्रमवर सपाट टेकतं त्या गोलाला आणि बोल्टांना रंग लागू देऊ नका. तिथे रंगाचा थर राहिला तर तो चालताना दबतो आणि नट सैल होतात. नट आडवे-तिरपे, एकसारखे, गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या जोरानं आवळा आणि ५० ते १०० किलोमीटर गाडी चालवून पुन्हा तपासा.

गाडी बाहेर काढायच्या आधी ब्रेक दोन-चार वेळा दाबून बघा.

नंतरची निगा

रबर लावलेल्या भागावर प्रेशर पंपाचा फवारा कडेवर धरू नका. धुवायला देता तिथे आधी सांगा, नाहीतर मुलगा मन लावून नेमकी तीच जागा साफ करतो. मेण, पॉलिश, डिझेलचा बोळा, पेट्रोलचा बोळा, काहीही नको. शाम्पू आणि मऊ कापड पुरे. पक्ष्यांची घाण आणि जांभळाचे डाग त्याच दिवशी धुवा.

आणि दसरा. आई गाडीची पूजा करते आणि बॉनेटवर, लोगोवर ओल्या कुंकवाची बोटं उमटवते. मॅट पृष्ठभागावर ते कुंकू मुरतं, विशेषतः फिक्या रंगावर. तेलात कालवलेला शेंदूर तर जातच नाही. आईला मी काचेचा एक कोपरा दाखवून ठेवलाय. झेंडूचा हार जाळीला बांधताना सुतळी वापरा, तार नको.

सोलताना

दोन पावसाळे झाले की चाकांवरचं रबर फिकं पडतं आणि कडांना ताठर होतं. वाट बघत बसू नका. उन्हानं पार कडक झालेला थर पापुद्र्यानं येत नाही, कपच्यांनी येतो. आधी थर जाड आहे का ते बघा. कोपरा उचलल्यावर फाटत असेल तर सोलायचा हट्ट सोडा. भाग धुऊन वाळवा, त्यावर त्याच रबराचे दोन-तीन भरदार हात मारा आणि दुसऱ्या दिवशी ओढा. नवा थर जुन्याला धरून घेऊन येतो. कोवळ्या उन्हात गाडी पाऊण तास उभी केली की रबर मऊ होतं आणि काम निम्मं होतं.

खाचांत उरलेले ठिपके डब्लूडी-४० नावाचं गंज सोडवायचं तेल फडक्यावर घेऊन चोळा, पाच मिनिटं थांबा, पुसा. मग शाम्पूनं धुवा. तेलाचा अंश राहिला तर पुढच्या वेळचा पहिला हात तिथे बसणार नाही.

माझी जाळी गेल्या फेब्रुवारीत सोलली. डाव्या कोपऱ्यातून उचलली आणि मधल्या आडव्या पट्टीपर्यंत एका तुकड्यात आली. शेजारचे काका गडग्यावर होतेच. म्हणाले, "केळ्याची साल काढल्यासारखी निघते की!" मग त्यांनी स्वतःच्या गाडीच्या जाळीकडे बघितलं आणि मापक एक दिवसासाठी देशील का म्हणून विचारलं.